हेमेंद्ररावांचं सरकार

ख्रिस्तपूर्व चार हजार सालापासून हेमेंद्र धुमाळ राज्य करत होते आणि सरकार कुठल्या तऱ्हेचं ठेवायचं हे त्यांना अजून ठरवता आलं नव्हतं.

राज्य अर्थातच कॉम्प्युटरवरचं. खेळ जुना, त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतला. ग्वाल्हेरात फूलबागेजवळ तेव्हा एक सायबर कॅफे होता, तिथं तासाचे पैसे भरून त्यांनी तो पहिल्यांदा पाहिला आणि जो चिकटला तो चिकटलाच. सुरुवातीला हातात एक गाडी, चार बिऱ्हाडं आणि काळोखानं वेढलेला नकाशा. गाव वसवायचं, शेती करायची, चाक शोधायचं, अक्षरं शोधायची, शेजाऱ्यांशी लढायचं किंवा जमवून घ्यायचं, आणि असं करत करत यंत्रयुगापर्यंत पोचायचं. वाटेत खेळ विचारतो, राज्य कसं चालवणार? आरंभी एकाच माणसाचा हुकूम असतो. नंतर राजेशाही सापडते, मग प्रजासत्ताक, पुढं लोकशाही. प्रत्येकाचं गणित निराळं. हुकमाच्या राज्यात पीक चांगलं आलं की वरचं कापलं जातं. राजेशाहीत चौकात शिपाई उभा केला की लोक गप्प बसतात. लोकशाहीत व्यापार धो धो वाहतो, पण लढाई लांबली की लोक बोंबा मारतात. आणि एकातून दुसऱ्यात जायचं तर मध्ये क्रांती करावी लागते. क्रांती म्हणजे काही काळ नुसतं अराजक. वसुली बंद, शोध बंद, गावोगावी दंगे.

या अराजकाला हेमेंद्रराव भीत. शेजारची राज्यं लोकशाहीत जाऊन आगगाड्या पळवू लागली तरी हे आपले पहिल्याच हुकमी राज्यात बसून होते. खेळ अधूनमधून अदबीनं विचारी, क्रांती करायची का? हे 'नको' वर बोट दाबत आणि मग सबंध संध्याकाळ हळहळत. असा माणूस पाहिला की आपलाच जीव कासावीस होतो, पण करणार काय!

त्यांच्या या भिण्याचं मूळ पाटणकर बाजारात होतं. तिथं धुमाळांचं गणवेशाचं दुकान. शाळांचे शर्ट, पट्टे, टाय, बिल्ले, टोप्या. पूर्वज शिंद्यांबरोबर दक्षिणेतून घोड्यावर आले, पागेत होते, म्हणून की काय कोण जाणे, घराणं पट्टे आणि बकलांपासून फार लांब गेलं नाही. दुकान चालवत हेमेंद्रराव, आणि हेमेंद्ररावांना चालवत त्यांचे वडील कान्होजी. घरीदारी सगळे त्यांना आबासाहेब म्हणत. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ, मिशा पांढऱ्या पण वळलेल्या. या घरात पाळण्यातल्या पोरालाही 'अहो' म्हणायची रीत. त्यामुळे आबासाहेबांनी जन्मात मुलाला 'अरे' म्हटलं नाही, आवाज चढवला नाही, कशाला 'नाही' सुद्धा म्हटलं नाही. ते फक्त म्हणत, "बघू."

त्या 'बघू'खाली हेमेंद्ररावांची निम्मी हयात गाडली गेली होती. बारावीनंतर इंदूरला जाऊन इंजिनिअरिंग करू का? बघू. बघता बघता प्रवेश बंद झाले आणि हे ग्वाल्हेरातच कॉमर्सला बसले. दुकानात खेळाचे ट्रॅकसूट ठेवू का? बघू. समोरच्या दुकानदारानं ठेवले आणि वरचा मजला बांधला. सेकंडहँड गाडी घेऊ का? बघू. ती गाडी अजून रोज दारावरून जायची, दुसऱ्याची. हेमेंद्रराव आतल्या आत दातओठ खात, बाहेर मात्र तोंडातून 'जी' याखेरीज शब्द फुटत नसे. सेहेचाळिसाव्या वर्षी हा माणूस शर्टाचा रंगही 'आबासाहेबांना विचारून' घेत होता.

अशात नवरात्राच्या तोंडावर गरिमाची बढती आली.

गरिमा म्हणजे हेमेंद्ररावांच्या पत्नी. सरकारी शाळेत गणित शिकवत. बोलायला मोकळ्या, हसायला मोकळ्या, पण लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून घरची एक रीत त्यांनी मुकाट पाळली होती. सुनेची गोष्ट सासऱ्यांपर्यंत जायची ती मुलाच्या तोंडून. त्या संध्याकाळी पर्स खांद्यावरून न काढताच त्या कॉम्प्युटरपाशी उभ्या राहिल्या.

"ऐकताय ना? आदेश निघाला. डबऱ्याच्या शाळेत प्राचार्य केलंय मला."

"अरे वा!" हेमेंद्ररावांना मनापासून आनंद झाला. मग मागोमाग भीती आली. "पण डबरा म्हणजे..."

"ट्रेननं अप-डाउन करीन ना. आधा स्टाफ करतोच. दसऱ्यानंतरच्या सोमवारी जॉइनिंग द्यायची आहे. नाही दिली तर लिस्टमधून नाव कटेल, मग रिटायर होईपर्यंत बसा वाट बघत. तुम्ही आबासाहेबांशी बोलून घ्या. आज नाहीतर उद्या, पण बोलून घ्या."

"बोलतो की."

"पक्कं?"

"म्हटलं ना, बोलतो."

पंचवीस वर्षं वर्गात फळ्यापुढं उभं राहून मिळवलेली गोष्ट होती ती. गरिमांचे डोळे इतके चमकत होते की हेमेंद्ररावांना वाटलं, एवढं एक जरी आपण धडपणे पार पाडलं, तरी पुष्कळ झालं.

दुसऱ्या दिवशी दुकानातून परतल्यावर त्यांनी धीर गोळा केला. पण त्यांनी जाण्याआधी आबासाहेबच खोलीत आले. त्यांचा चष्मा सापडत नव्हता. चष्मा कॉम्प्युटरशेजारी होता, तो डोळ्यांवर चढवल्याबरोबर त्यांना पडदा दिसला.

"हे काय आहे?"

"गेम आहे, आबासाहेब. राज्य वसवायचं असतं."

"राजा कोण?"

"मी."

"तुम्ही?"

त्या प्रश्नात टोमणा नव्हता. खराखुरा अचंबा होता, आणि तोच जास्त झोंबला. हेमेंद्ररावांनी घाईनं मुद्द्याला हात घातला. "आबासाहेब, गरिमांची बढती आली आहे. डबऱ्याला. काय करायचं?"

"बघू," म्हणत आबासाहेबांनी खुर्ची ओढली. "राजधानीचं नाव काय ठेवलंत?"

"नवनगर."

"हे काय नाव झालं! लष्कर लिहा. ग्वाल्हेरात शिंद्यांची राजधानी तीच होती."

हेमेंद्ररावांनी लष्कर लिहिलं. त्याच क्षणी त्यांचं राज्य गेलं, हे समजायला त्यांना दोन दिवस लागले.

आबासाहेब रोज संध्याकाळी येऊन बसू लागले. दिवेलागणीला खुर्ची, शेजारी पाण्याचा तांब्या, आणि हुकूम सुरू. हुकमी राज्य त्यांना पसंत पडलं नाही. "ही कसली बेबंदशाही? गादी पाहिजे, घराणं पाहिजे." इतक्या वर्षांत मुलाला जे जमलं नाही ते त्यांनी एका फटक्यात करवून घेतलं. क्रांती झाली, अराजक आलं, गेलं, राजेशाही बसली. हेमेंद्रराव बघतच राहिले. इतकं सोपं होतं?

सोपं होतं, पण ते तिथंच थांबलं. आबासाहेबांनी आधी राजवाडा वाढवला. धान्याची कोठारं राहिली बाजूला, वाड्याला मनोरा आणि कमानी. मग विचारलं, "पागा कुठाय?" आणि गावोगावी घोडदळ उभं राहू लागलं. शेजाऱ्यानं तोवर बंदुका शोधल्या होत्या.

"आबासाहेब, आता बंदूक शोधायला हवी. घोडी टिकायची नाहीत."

"आपण पागेची माणसं. घोडं कसं सोडायचं?"

"हे खरं घोडं नाही हो, गेम आहे."

"मग तर सोडायचं काहीच कारण नाही."

शेजाऱ्यानं सीमेवरची दोन गावं मारली. आपले घोडेस्वार ओळीनं पुढं जात आणि ओळीनं नाहीसे होत. आबासाहेब मिशीवरून हात फिरवत म्हणत, "शर्थ केली हो पोरांनी!" हेमेंद्ररावांच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. माउस त्यांच्या हातात, बोटं त्यांची, आणि राज्य बुडत होतं दुसऱ्याच्या हुकमानं. एरवी निदान ही एक जागा होती, जिथं चुका तरी स्वतःच्या होत्या! आता तीही गेली. आणि गेली ती कुणी हिसकावली म्हणून नव्हे, तर "जरा सरका" म्हटल्यावर हे सरकले म्हणून. राग आबासाहेबांचा यायचा, त्याहून जास्त स्वतःचा यायचा, आणि दोन्ही राग गिळून ते जेवायला जायचे.

खंडेनवमीला तर कहर झाला. घरातली जुनी तलवार, दुकानातली कात्री आणि शिवणयंत्र यांच्या रांगेत आबासाहेबांनी कॉम्प्युटरही पुजला. हळदीकुंकू, झेंडूचं फूल, माउसवर अक्षता. त्यानंतर माउसचं डावं बटण दाबलं की दाबलेलंच राहू लागलं.

गरिमा रोज विचारत होत्या. आधी हसून, मग नुसतं, मग दातांत पिन धरून साडी नेसता नेसता.

"बोललात?"

"विचारलं. बघू म्हणाले."

"ते पहिल्या दिवशी. मतलब, त्याच्यानंतर?"

"अहो, ते गेममध्ये असतात. लढाई चालू असते, मध्येच कसं काढणार?"

गरिमांनी पिन लावली. "त्यांची लढाई बघून बघून तुम्ही थकत नाही? तुम्हाला सांगू, मला डबऱ्याचं टेन्शन नाही. रोज पहाटे उठेन, ट्रेनमध्ये उभी राहीन, शाळेत नळ नसेल तर नळ लावून घेईन. माझ्याकडून होत नाही ते एकच, रोज तुम्हाला हे विचारणं." त्यांनी पर्स उचलली. "तुम्ही तिथं तरी राजे होतात. ते पण देऊन टाकलंत."

हे बोलून त्या टेम्पो पकडायला निघून गेल्या. हेमेंद्रराव दुकानात गेले आणि एका गिऱ्हाइकाला सहावीच्या मापाऐवजी नववीचा शर्ट बांधून दिला.

दसरा उजाडला. आबासाहेब दरसालप्रमाणे अंगरखा घालून, कमरेला तलवार लावून, डोक्याला शिंदेशाही पगडी चढवून शमीपूजनाला आणि शिंदे महाराजांच्या मुजऱ्याला गेले. घरात पुरणाचा वास सुटला होता. हेमेंद्रराव एकटे कॉम्प्युटरपुढं बसले. पडद्यावर राजवाडा झळकत होता आणि त्याच्याभोवती उपाशी गावं. गरिमांचं वाक्य डोक्यातून जाईना. ते देऊन टाकलंत. देऊन टाकलंत काय? अजून देऊन टाकलं नाही!

त्यांनी चिकट माउस घट्ट धरला आणि क्रांतीवर दाबलं.

खेळानं विचारलं, नक्की? त्यांनी पुन्हा दाबलं, इतक्या जोरात की टेबलावरचा तांब्या हलला. पडद्यावर ठोकळ्यासारखी माणसं मुठी वळून नाचू लागली. राजा पदच्युत. अराजक. वसुली थांबली, लष्कर शहरात दंगा उसळला, आणि हेमेंद्ररावांना असं मोकळं वाटलं की ते खुर्चीत बसल्या बसल्या एकटेच हसले. आता आबासाहेब आले की सांगायचं. मी केलं. लोकशाही आणणार आहे. आणि हो, गरिमा सोमवारी डबऱ्याला जाणार आहेत. दोन्ही एकदमच सांगून टाकायचं, म्हणजे एकाच दमात होईल. त्यांनी वाक्यं मनाशी घोळवूनही ठेवली.

आबासाहेब परतले. विजयाबाईंनी, म्हणजे हेमेंद्ररावांच्या आईंनी, दारात औक्षण केलं. शमीची पानं हातात घेऊन ते सरळ खोलीत आले. पगडी अजून डोक्यावर होती. पडद्याकडे पाहून जागच्या जागी थबकले.

"हे काय? गादी कुठं गेली?"

हेमेंद्रराव उभे राहिले. घोळवलेली वाक्यं ओठांपर्यंत आली. समोर ती पगडी, त्या मिशा, ती ताठ पाठ.

"कुणी केलं हे?" आबासाहेबांनी विचारलं.

"आपोआप झालं," हेमेंद्रराव म्हणाले. "होतं असं गेममध्ये. कधीकधी."

दाराशी गरिमा ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सारं ऐकलं होतं. आबासाहेबांनी हातावर ठेवलेलं शमीचं पान त्यांनी वाकून घेतलं, मग नवऱ्याच्या हातावर एक ठेवलं, "सोनं घ्या," म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. त्यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं हेमेंद्ररावांना दिवसभर वाटत राहिलं.

रविवारी दुपारी पानं वाढली होती. आबासाहेबांनी पहिला घास घेतल्याखेरीज कुणी बोलायचं नाही, अशी घरची शिस्त. त्यांनी घास घेतला. लगेच, कुणाला वेळच न देता, गरिमा म्हणाल्या, "आबासाहेब, मी उद्यापासून डबऱ्याला जाते आहे. प्राचार्य म्हणून. सकाळच्या ट्रेननं जाईन, संध्याकाळी परत. दोन्ही वेळचा स्वयंपाक कसा करायचा ते आईसाहेबांशी बोलून घेतलंय."

हेमेंद्ररावांचा हात वाटीत तसाच राहिला. आता 'बघू' येणार. ताटाच्या कडेला मिठाशेजारी तो शब्द पडलेला त्यांना जवळजवळ दिसलाच.

"बरं," आबासाहेब म्हणाले. मग जरा विचार करून, "स्टेशनपर्यंत कशा जाणार? त्या वेळी टेम्पो भरलेले असतात. ऑटो ठरवून टाका."

"जी."

"आणि डबा न्या. बाहेरचं खाऊ नका." एवढं बोलून ते वरणाकडे वळले.

झालं! संपलं! नवरात्रभर हेमेंद्ररावांनी ज्याच्यासाठी रक्त आटवलं ते वरणभात कालवायच्या आत आटोपलं. त्यांच्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं. जन्मात पहिल्यांदा ते पानावर वडिलांशी मोठ्यानं बोलले.

"पण मी विचारलं तेव्हा तर तुम्ही बघू म्हणालात!"

आबासाहेबांनी शांतपणे वर पाहिलं. "तुम्ही काय विचारलंत? काय करायचं, असं विचारलंत. मला काय ठाऊक काय करायचं! डबऱ्याची शाळा मी पाहिली नाही, प्राचार्याला काय काम असतं ते मला कळत नाही. यांना जायचंय, यांनी सांगितलं. जायचं असेल तर जा म्हणायचं, त्यात काय?"

"आणि इंदूर? ट्रॅकसूट? ती गाडी?"

"तुम्हाला हवं होतं?" आबासाहेबांना पुन्हा तोच खराखुरा अचंबा वाटला. "मग बोलला नाहीत कधी! प्रत्येक वेळी येऊन म्हणायचात, करू का, ठेवू का, घेऊ का. मला वाटायचं, तुमच्या मनात नाही, मी नको म्हणावं म्हणून विचारताय. नाही म्हणून तुमचं मन कशाला मोडा, म्हणून बघू म्हणायचो."

विजयाबाई ताक वाढत होत्या. त्यांना हसू आवरेना. "पन्नास वर्षं झाली मला या घरात," त्या म्हणाल्या, "मी यांना एक गोष्ट विचारली असेल तर शपथ. सांगते आपली. ऐकतात बिचारे."

सगळे हसले. आबासाहेबसुद्धा हसले. गरिमांनी मात्र नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि त्यांच्या पानात न मागता थोडा भात वाढला. त्या दयेनं हेमेंद्ररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्यावर कुणी जुलूम केला असता तर निदान त्याच्या नावानं बोटं तरी मोडता आली असती. इथं तर दार कधी बंदच नव्हतं, आणि हे आयुष्यभर उंबऱ्यावर उभे राहून आत येऊ का, असं विचारत होते!

संध्याकाळी त्यांनी कॉम्प्युटर लावला. आबासाहेब सवयीनं येऊन खुर्चीत बसले. पडद्यावर अराजकाचा शेवटचा फेरा संपला, मुठी वळून नाचणारी माणसं नाहीशी झाली, आणि मधोमध चौकट उघडली. कुठलं सरकार स्थापन करायचं? खाली नावांची रांग. हुकमी राज्य, राजेशाही, प्रजासत्ताक, लोकशाही.

हेमेंद्ररावांनी वडिलांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय पाहता?" आबासाहेब म्हणाले. त्यांनी तांब्या उचलला आणि उठले. "राज्य तुमचं आहे. मला वाटलं, तुम्हाला खेळायचा कंटाळा येतो म्हणून मी बसत होतो. तुम्हीच ठरवा." आणि ते खरंच निघून गेले. बाहेर ओटीवर त्यांच्या काठीचा आवाज आला, मग तोही थांबला.

खोलीत हेमेंद्रराव एकटे राहिले. चौकट तशीच उघडी होती. या क्षणाची त्यांनी इतकी वर्षं वाट पाहिली होती, आणि आता कुणी अडवणारं नव्हतं, रागावणारं नव्हतं, बघू म्हणणारंही नव्हतं. लोकशाही, त्यांनी मनाशी म्हटलं. बाण लोकशाहीपाशी नेला. पण शेजाऱ्याशी लढाई चालू आहे, लोक बोंब मारतील. प्रजासत्ताक बरं. पण त्यात तरी काय... राजेशाही तशी चालली होती. बाण वर गेला, खाली आला, परत वर गेला.

स्वयंपाकघरात गरिमा उद्याच्या डब्यासाठी भाजी चिरत होत्या.

"गरिमा," हेमेंद्ररावांनी खुर्चीतूनच हाक मारली, "जरा येता का? इथं चार सरकारं आहेत. कुठलं ठेवू?"

पलीकडे विळीचा आवाज थांबला.

"बघू," गरिमा म्हणाल्या आणि पुन्हा भाजी चिरू लागल्या.